पीसीआर पॉझिटिव्ह, पण माध्यमात प्रथिन नाही: तंतुमय बुरशीत परके प्रथिन हरवते कुठे?

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. परके जनुक बुरशीत घातले, निवडीच्या प्लेटवर वसाहती आल्या, पीसीआरमध्ये हव्या त्या लांबीची पट्टी दिसली. फ्लास्कमध्ये कवकजालही, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळेही, भरघोस वाढले. पाचव्या दिवशी द्रव गाळून जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चालवला, तर अपेक्षित जागी काहीच नाही, फार तर एक पुसट सावली. यानंतरचा निर्णयही बहुतेक प्रयोगशाळांत सारखाच होतो: प्रमोटर (जनुक किती जोरात चालावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) कमजोर असेल, याहून जोरकस घ्या, जनुकाच्या प्रती वाढवा. मग नवे क्लोनिंग (जनुकाची जोडणी), नवे ट्रान्सफॉर्मेशन (ते बुरशीत घालणे), त्यात काही महिने जातात, आणि जेल पुन्हा रिकामे.

प्रमोटर क्वचितच दोषी असतो, असे माझे ठाम मत आहे. ॲस्परजिलस नायजर ही बुरशी स्वतःचे ग्लुकोअमायलेज (स्टार्च तोडणारे विकर) औद्योगिक टाकीत लिटरला २० ग्रॅमहून जास्त बाहेर टाकते. ट्रायकोडर्मा रीसीचे सुधारित वाण सेल्युलेजांच्या बाबतीत लिटरला १०० ग्रॅमच्या घरात जातात. त्याच पेशीत, त्याच प्रमोटरपुढे सस्तन प्राण्याचे जनुक जोडले की उत्पादन मिलिग्रॅमवर उतरते. जनुक दुसऱ्या एखाद्या बुरशीचे असेल तर ते पुष्कळदा ग्रॅममध्येच राहते. प्रमोटर दोन्हीकडे तोच. फरक पडतो तो पुढच्या वाटेवर: एमआरएनए (जनुकाची, प्रथिन बनवण्यासाठी काढलेली नक्कल) पूर्ण तयार होऊन टिकणे, प्रथिनाची घडी नीट पडणे, ते पेशीबाहेर जाणे आणि बाहेर गेल्यावर शाबूत राहणे.

म्हणून शोध उलट्या टोकाने सुरू करावा. आधी माध्यम, मग पेशीचा आतला भाग, मग एमआरएनए, आणि सर्वांत शेवटी जनुक. वाढीचा द्रव हाती आला की माध्यमाची तपासणी दोन दिवसांत होते, तिला क्लोनिंग लागत नाही आणि दोष सर्वांत जास्त वेळा तिथेच सापडतो.

माध्यमात प्रथिन टिकते का?

ही चाचणी इतकी सोपी आहे की ती कुणी करत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. ज्या मूळ वाणात जनुक घातले, तेच वाण जनुकाशिवाय त्याच माध्यमात वाढवा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी थोडा द्रव काढा, मिराक्लॉथ या गाळण्याच्या कापडातून आणि मग बारीक फिल्टरमधून गाळा. या पेशीविरहित द्रवात तुमचे शुद्ध प्रथिन मिसळा, अंतिम प्रमाण मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. शुद्ध प्रथिन हाताशी नसेल तर ई. कोलायमध्ये बनवलेले चालेल. तेही नसेल तर बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घ्या. त्यावरून निदान द्रवात प्रथिन तोडणारे काही आहे का, एवढे तरी कळते. मिश्रण ३० अंश सेल्सिअसला ठेवा आणि शून्य, एक, चार व चोवीस तासांनी नमुना काढून जेलवर चालवा.

सोबत काही नियंत्रणे हवीतच. एका नळीत आधी उकळून थंड केलेला द्रव. एका नळीत पेप्स्टॅटिन ए, एकीत पीएमएसएफ, एकीत ईडीटीए; ही तीन रसायने प्रोटिएझांचे, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे, वेगवेगळे गट रोखतात. आणि एका नळीत बफर घालून पीएच ६ वर आणलेला द्रव.

आता निकाल वाचू. चार तासांत पट्टी गेली, पण पेप्स्टॅटिनच्या नळीत टिकली, तर आम्लधर्मी ॲस्पार्टिक प्रोटिएझ तुमचे प्रथिन खात आहेत. ॲस्परजिलस नायजरमध्ये हाच निकाल सर्वांत जास्त वेळा येतो. पीएमएसएफमध्ये टिकली तर सेरीन प्रोटिएझ. ॲस्परजिलस ओरायझीत अल्कधर्मी सेरीन प्रोटिएझाकडे आधी संशयाने बघावे. ईडीटीएमध्ये टिकली तर धातूवर चालणारे प्रोटिएझ. उकळलेल्या द्रवातही पट्टी गेली, तर हे प्रोटिएझांचे काम नव्हे; प्रथिन त्या पीएचला साक्याच्या रूपात खाली बसते आहे किंवा कशाला तरी चिकटते आहे. आणि सगळ्या नळ्यांत चोवीस तासांनंतरही पट्टी जशीच्या तशी असेल, तर माध्यम निर्दोष आहे आणि तुम्ही बरेच पैसे वाचवलेत, कारण आता प्रोटिएझ काढलेल्या वाणाच्या मागे लागायचे कारण उरत नाही.

या चाचणीत फसवणारी एक गोष्ट आहे. नमुना जेलच्या बफरमध्ये मिसळून तो सावकाश तापवला, तर त्यातल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनामुळे तुमचे प्रथिन उलगडते आणि अजून मेलेले नसलेले प्रोटिएझ त्या दोन-तीन मिनिटांत त्याचा फडशा पाडते. तापवण्याचा ठोकळा आधीच ९५ अंशांवर ठेवा आणि नमुना मिसळताच त्यात घाला. दुसरे असे की, जिवाणूंसाठी विकल्या जाणाऱ्या काही तयार प्रोटिएझ-रोधक मिश्रणांत पेप्स्टॅटिन नसते. बुरशीच्या कामात असे मिश्रण वापरणे म्हणजे मुख्य शत्रूला मोकळे सोडणे. पेप्स्टॅटिन पाण्यात नीट विरघळत नाही, ते मिथेनॉल किंवा डीएमएसओमध्ये विरघळवून घ्यावे. पीएमएसएफ पाण्यात फार काळ टिकत नाही, पीएच वाढेल तसे आणखी लवकर संपते. ते ऐनवेळी घालावे.

पीएच आणि नायट्रोजन: इथे दोन सल्ले एकमेकांना छेद देतात

ॲस्परजिलस नायजर बफर नसलेल्या फ्लास्कमध्ये सायट्रिक, ग्लुकोनिक, ऑक्झॅलिक अशी आम्ले सोडत राहते आणि पीएच ३ च्याही खाली जाऊ शकतो. नेमक्या त्याच वातावरणात तिचे मुख्य बाह्य प्रोटिएझ, ॲस्परजिलोपेप्सिन ए, जोमाने तयार होते आणि जोमाने काम करते. म्हणजे बुरशी वाढते आहे म्हणून आपण खूश असतो आणि त्याच वेळी बाहेर पडलेले प्रथिन खलास होत असते. रोजचा पीएच लिहून ठेवा. शेवटच्या दिवशीचा एकच आकडा निरुपयोगी, कारण साखर संपून पेशी फुटायला लागल्या की पीएच पुन्हा वर चढतो आणि मधली घसरण दिसतच नाही.

आता नायट्रोजन. अमोनियम भरपूर असेल तर बुरशी नायट्रोजनसाठी प्रथिने तोडायच्या फंदात पडत नाही. एरे-ए या नियंत्रकामार्फत कित्येक प्रोटिएझांची जनुके शांत राहतात. म्हणून अमोनियम द्या, असा सल्ला मिळतो, आणि तो बरोबर आहे. पण अमोनियम आत घेताना पेशी प्रोटॉन बाहेर टाकते, माध्यम आम्ल होते आणि आम्लधर्मी प्रोटिएझ जागे होतात. नायट्रेट दिले तर पीएच वर जातो, पण नायट्रोजनचा तो दाब सैल पडतो. माझा कल असा: शेक फ्लास्कमध्ये अमोनियम द्यावे, पण १०० ते २०० मिलिमोलर एमईएससारख्या बफरसह, पीएच ६ च्या आसपास. फर्मेंटरमध्ये पीएच अल्क घालून सांभाळता येतो, तिथे हा पेच उरत नाही. ॲस्परजिलस ओरायझीत मात्र पीएच वाढवून सगळे सुटेल असे समजू नका. तिच्या अल्कधर्मी प्रोटिएझाला ते मानवतेच.

बफरने पट्टी दिसू लागली, पण पुरेशी नाही, तेव्हा वाण बदलण्याचा विचार करावा. पेप-ए हे ॲस्परजिलोपेप्सिन ए बनवणारे जनुक काढलेल्या नायजरमध्ये बाहेरची आम्ल-प्रोटिएझ क्रिया सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पीआरटी-टी हा प्रोटिएझांचा नियामक काढला तर एकदम कित्येक प्रोटिएझ खाली येतात. २००७ मध्ये नायजरचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा प्रथिने तोडण्याशी संबंधित सुमारे २०० जनुके मोजली गेली. म्हणजे एकेक काढत बसण्याला अंत नाही हे उघड आहे, तरी चिकाटीने केलेले काम फळाला येते. ओरायझीत एकापाठोपाठ एक १० प्रोटिएझ जनुके काढल्यावर गाईचे कायमोसिन (चीजसाठी दूध साकळवणारे विकर) आणि मानवी लायसोझाइम (जिवाणूंची भित्तिका तोडणारे विकर) या दोहोंचे उत्पादन वाढले. ट्रायकोडर्मा रीसीतही औषधी प्रथिनांसाठी हाच मार्ग घेतला गेला. अशा वाणांची वाढ कधी कधी मंद असते आणि बीजाणू कमी येतात, एवढी किंमत मोजावी लागते.

कापणीची वेळही इथेच ठरते. पाचव्या दिवशी काही नाही म्हणून प्रयोग बंद करणाऱ्यांनी दर बारा तासांनी नमुने घेऊन पाहावे. प्रथिन छत्तीसाव्या तासाला असते आणि बहात्तराव्या तासाला नसते, असे प्रकरण मुळीच दुर्मिळ नाही.

जेल आणि ब्लॉट फसवतात तेव्हा

हा भाग छोटा आहे, पण वगळू नका. हिस्टिडिन टॅग (ओळखीसाठीची छोटी शेपटी) प्रथिनाच्या टोकाला लावला आणि त्याच टॅगच्या अँटीबॉडीने शोध घेतला, तर टोक कातरले गेल्यावर प्रथिन असूनही ब्लॉट, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी, कोरा येतो. प्रथिनावरच बसणारी अँटीबॉडी मिळत असेल तर ती घ्या, नाहीतर निदान क्रियाशीलता मोजा. दुसरी शक्यता साखरेची. ॲस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून कोणतेही अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनिन, असा क्रम दिसला की बुरशी तिथे मॅनोजबहुल साखर चढवू शकते. यीस्टइतकी लांबलचक साखळी सहसा नसते, तरी पट्टी वर सरकते आणि पसरट होते. नमुन्याच्या अर्ध्या भागावर एंडो एच या साखर कापणाऱ्या विकराची प्रक्रिया करून तो शेजारी चालवा. पसरट डागाची घट्ट पट्टी झाली तर प्रश्न सुटलाच.

पेशीच्या आत अडकले असेल तर

माध्यम निर्दोष ठरले, तरी बाहेर प्रथिन नाही. आता कवकजाल धुऊन, द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटून, गरम एसडीएस आणि युरिया असलेल्या बफरमध्ये विरघळवा आणि ब्लॉट करा. त्याआधी कवकजालाचा एक भाग एक मोलर मिठाच्या द्रावणात अर्धा तास हलवून ते धुवण तपासा; लायसोझाइमसारखी धनप्रभारित प्रथिने पेशीभित्तिकेला चिकटून बसतात आणि मिठाने सुटतात. त्यात पट्टी दिसली तर तुमचे प्रथिन बाहेर पडलेलेच आहे, फक्त द्रवात उतरलेले नाही.

आत पट्टी सापडली आणि ती ठळक असेल, तर घडी पडण्याच्या जागी कोंडी आहे. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ईआरमध्ये, नीट घडी न पडलेली प्रथिने साचली की पेशी हॅक-ए या जनुकाच्या एमआरएनएतून २० बेसचा एक तुकडा वेगळ्याच पद्धतीने कापून टाकते आणि घडी पाडायला मदत करणाऱ्या मदतनीस प्रथिनांचे उत्पादन वाढवते. तुकडा गळाल्याने आखूड झालेला हा एमआरएनए आरटी-पीसीआरने (एमआरएनएवर चालणाऱ्या पीसीआरने) दिसतो. बिप-ए आणि पीडीआय-ए या मदतनीस प्रथिनांच्या जनुकांचे एमआरएनए मूळ वाणाच्या तुलनेत किती चढले, तेही मोजा. तिन्ही खुणा एकत्र मिळाल्या तर शंका उरत नाही.

आणि इथेच जोरकस प्रमोटरचा हट्ट उलटतो. ईआर कोंडलेले असताना बुरशी आणखी एक गोष्ट करते: बाहेर सोडायच्या प्रथिनांची जनुकेच मंदावते. ट्रायकोडर्मा रीसीत डीटीटी हे रसायन घालून घडी बिघडवली की सीबीएच-१ या मुख्य सेल्युलेजाचा एमआरएनए झपाट्याने खाली येतो, हे २००३ मध्ये दाखवले गेले. पुढच्याच वर्षी नायजरमध्ये ग्लुकोअमायलेजबाबतही तसेच आढळले. तुम्ही परक्या जनुकापुढे हेच प्रमोटर लावलेले असतात. म्हणजे जास्त जोर लावला, कोंडी वाढली, आणि पेशीने तुमचाच प्रमोटर दाबला. अशा वेळी उलट दिशेने जावे: एकाच प्रतीचा ट्रान्सफॉर्मंट (परके जनुक बसलेले वाण) निवडा, मध्यम प्रमोटर घ्या, कवकजाल वाढून झाल्यावर तापमान ३० वरून २० ते २५ अंशांवर आणा. सावकाश तयार झालेले थोडे प्रथिन बाहेर पडते. घाईने तयार झालेले पुष्कळ प्रथिन आत कुजते.

मदतनीस प्रथिने वाढवण्याचा उपाय सगळ्यांना आधी सुचतो, पण त्याचा भरवसा नाही. नायजरमध्ये पांढऱ्या कुजीच्या बुरशीचे मँगनीज पेरॉक्सिडेज बनवताना कॅल्नेक्सिन हा मदतनीस वाढवल्याने उत्पादन चार-पाच पट झाले, आणि बीआयपी (बिप-एचे प्रथिन) वाढवल्याने ते उलट घटले. पीडीआय-ए वाढवूनही लायसोझाइमला काही फायदा मिळाला नव्हता. म्हणजे कोणता मदतनीस कोणाला उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, करूनच बघावे लागते. त्याच मँगनीज पेरॉक्सिडेजची दुसरी शिकवण अधिक खात्रीची आहे: या प्रथिनाला हीम हा लोहयुक्त रेणू लागतो, आणि माध्यमात हिमोग्लोबिन किंवा हेमिन घातल्याशिवाय पुरेसे क्रियाशील प्रथिन मिळत नाही. तुमच्या प्रथिनाला हीम, तांबे, कॅल्शियम असे काही लागते का, हे प्रमोटर बदलण्याआधी विचारा.

आत पट्टी आहे पण ती तुकड्यातुकड्यांची, तर रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशवीकडे, संशय वळतो. बुरशीची छाननी-यंत्रणा परक्या प्रथिनाला चुकीच्या पत्त्यावर, म्हणजे प्रोटिएझांनी भरलेल्या रिक्तिकेत पाठवते. ओरायझीत या छाननीतले व्हीपीएस-१० हे जनुक काढल्यावर कायमोसिन आणि लायसोझाइम दोन्ही दोन ते तीन पटींनी जास्त बाहेर आले. हा उपाय तयार वाण हाती असेल तरच करण्यासारखा.

वाहक प्रथिन जोडले, तरी

परके प्रथिन बुरशीच्या स्वतःच्या, सहज बाहेर जाणाऱ्या प्रथिनाला शेपटीसारखे जोडणे, हा आजवरचा सर्वांत विश्वासू उपाय आहे. सस्तन प्राण्याच्या प्रथिनासाठी मी तर सुरुवातच इथून करायला सांगेन. ॲस्परजिलसात ग्लुकोअमायलेजचा उत्प्रेरक भाग आणि त्यापुढचा दुवा, ट्रायकोडर्मात सीबीएच-१ चा गाभा आणि दुवा. दोहोंच्या मध्ये लायसिन-आर्जिनिन ही अमिनो आम्लांची जोडी ठेवली की गॉल्जीतले (प्रथिने बाहेर जाण्याआधीच्या कप्प्यातले) केक्स-बी नावाचे प्रोटिएझ तिथे कापते आणि दोन्ही प्रथिने सुटी होऊन बाहेर पडतात. मानवी इंटरल्यूकिन-६ असेच मिळवले गेले.

गाईच्या कायमोसिनची वाटचाल डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात ॲस्परजिलसात ते अगदी थोडे मिळत होते. १९९० मध्ये ग्लुकोअमायलेजला जोडल्याने उत्पादन चांगलेच वाढले. त्यात केक्सची गरजही नव्हती, कारण प्रोकायमोसिन आम्ल माध्यमात स्वतःच स्वतःला कापून सुटे होते. त्याच सुमारास पेप-ए काढलेले वाण आले. त्यानंतर जुन्या पद्धतीने, म्हणजे उत्परिवर्तन घडवून हजारो वसाहती चाळून, लिटरला ग्रॅमची पातळी ओलांडली गेली. प्रमोटर सुरुवातीपासून ग्लुकोअमायलेजचाच होता.

वाहक जोडल्यावर येणाऱ्या अडचणी वेगळ्या असतात. ब्लॉटवर वाहक आणि तुमचे प्रथिन यांच्या वजनांच्या बेरजेइतकी पट्टी दिसली, तर कापणी होत नाही. लायसिन-आर्जिनिननंतर लगेच प्रोलिन आले असेल तर केक्स कापत नाही. जोडाची जागा घडीत दडली असेल तरही नाही. अशा वेळी ग्लुकोअमायलेजच्या स्वतःच्या प्रोपेप्टाइडमधला ॲस्परॅजिन-व्हॅलिन-आयसोल्यूसिन-सेरीन-लायसिन-आर्जिनिन हा क्रम जसाच्या तसा घातल्यास कापणी सुधारते. उलट अपेक्षेपेक्षा लहान तुकडे दिसले तर तुमच्याच प्रथिनात उघड्या जागी लायसिन-आर्जिनिन आहे का पाहा. आणि वाहक माध्यमात भरपूर, तुमचे प्रथिन शून्य, असे असेल तर निष्कर्ष स्पष्ट आहे: दोन्ही बाहेर आले होते, एक खाल्ले गेले. पुन्हा पहिल्या चाचणीकडे. वाहक हा असा आतल्याआत मिळालेला साक्षीदार असतो, त्याची पट्टी मोजायला विसरू नका.

ट्रायकोडर्मात सेल्युलोज घातलेल्या माध्यमावर वाहकासोबत सेल्युलोजला धरणारा भाग राहून गेला, तर न कापलेले प्रथिन सेल्युलोजच्या कणांवर जाऊन बसते आणि गाळताना फेकले जाते. गाळलेला चोथाही एकदा उकळून जेलवर चालवा.

एमआरएनए

पेशीत, भित्तिकेवर, माध्यमात, कुठेच काही नाही. आता एमआरएनए बघण्याची पाळी. जनुकाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन तुकडे आरटी-पीसीआरने मोजा. सुरुवात भरपूर आणि शेवट नाममात्र, असे दिसले तर एमआरएनए मध्येच तुटतो आहे. एडेनिन-थायमिनने भरलेल्या परक्या जनुकात बुरशीला मध्येच शेवटाची खूण दिसते आणि ती तिथेच पॉली-ए शेपूट (एमआरएनएच्या शेवटी असणारी एडेनिनांची माळ) लावून मोकळी होते. गवारीच्या बियांतल्या अल्फा-गॅलॅक्टोसिडेजचे मूळ जनुक ॲस्परजिलस अवामोरीत घातले तेव्हा एमआरएनए अपुराच बनत होता. कोडॉन (एकेका अमिनो आम्लाची तीन अक्षरी खूण) बदलून कृत्रिम जनुक केल्यावर तो पूर्ण बनू लागला आणि विकर मिळाले. धुळीतल्या माइटच्या ॲलर्जी प्रथिनाबाबत ओरायझीत हेच दिसले. कोडॉन बदलण्याचा मोठा फायदा भाषांतराच्या वेगापेक्षा या तुटण्याला आळा घालण्यात आहे, असे मला वाटते. म्हणून जनुक मागवतानाच बुरशीच्या कोडॉननुसार बनवून घ्यावे. पूर्ण लांबीची पट्टी अपेक्षेपेक्षा ५० ते १०० बेसने आखूड आली तर तिचा क्रम वाचा. बुरशीचे इंट्रॉन (एमआरएनएतून कापून टाकायचे तुकडे) छोटे असतात आणि परक्या जनुकातला एखादा तुकडा इंट्रॉन समजून ती कापून टाकू शकते.

दोन्ही टोके नाममात्र असतील, तेव्हाच प्रमोटरवर बोट ठेवावे, आणि तेव्हाही आधी माध्यमातली साखर बघावी. ग्लुकोअमायलेजच्या प्रमोटरला माल्टोज किंवा स्टार्च हवे, झायलोजवर तो गप्प असतो. सीबीएच-१ चा प्रमोटर ग्लुकोजवर बंद आणि लॅक्टोज, सेल्युलोज किंवा सोफोरोजवर चालू. ट्रायकोडर्माच्या रुट-सी३० वाणात ग्लुकोजचा दाब आणणारे क्रे-१ जनुक तुटके आहे, मूळ क्यूएम६ए मध्ये ते शाबूत आहे. त्यामुळे एका वाणावर चाललेले माध्यम दुसऱ्यावर चालेलच असे नाही. आणि ग्लुकोअमायलेजच्या प्रमोटरच्या प्रती फार वाढवल्या तर तो चालू करणारा एएमवाय-आर हा नियामकच सगळ्यांना पुरत नाही. प्रती वाढतात, उत्पादन वाढत नाही.

जनुक खरेच शाबूत बसले आहे का

पीसीआरची पट्टी कशाची आहे हे विचारा. जनुकाच्या मधला पाचशे बेसचा तुकडा मिळाला, एवढ्याने प्रमोटर ते टर्मिनेटर (जनुक संपल्याची खूण) सलग बसल्याचे सिद्ध होत नाही. आडवळणी जागी, वाटेल तिथे तुटून डीएनए बसतो. पूर्ण कॅसेट, म्हणजे हा सगळा तुकडा, एका दमात वाढवून पाहा. पहिल्या प्लेटवरचे कवकजाल थेट पीसीआरला वापरू नका, तिथे न बसलेला डीएनएही चिकटलेला असतो.

ट्रान्सफॉर्मंट शुद्ध करणे हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. ट्रान्सफॉर्मेशनसाठी वापरलेल्या प्रोटोप्लास्टमध्ये (भित्तिका काढलेल्या पेशीत) अनेक केंद्रके असतात, त्यांतल्या एखाद्यातच जनुक बसते. निवडीच्या प्लेटवर एका बीजाणूपासूनची वसाहत दोन-तीनदा वेगळी करावी. नायजर आणि ॲस्परजिलस निड्युलन्सच्या बीजाणूंत बहुधा एकच केंद्रक असते, तिथे काम लवकर होते. ओरायझीच्या बीजाणूंत अनेक असल्याने तिथे जास्त फेऱ्या लागतात. एएमडी-एस या ॲसिटामाइड पचवणाऱ्या जनुकावर आधारलेल्या निवडीत ॲसिटामाइडवर मूळ वाणही थोडेफार वाढते, सिझियम क्लोराइड घालून ती मागची वाढ दाबावी. डीएनए वाटेल त्या जागी बसत असताना किमान वीस-तीस ट्रान्सफॉर्मंट तपासल्याशिवाय बांधणी वाईट ठरवू नये. केयू-७० किंवा केयू-८० (डीएनए वाटेल तिथे जोडण्यात भाग घेणारी जनुके) काढलेले वाण मिळत असेल तर नेमक्या जागी बसवणे फार सोपे जाते, आणि मग दोन बांधण्यांची तुलना खरी तुलना होते.

गोळ्यांचा प्रश्न

सारखेच ट्रान्सफॉर्मंट, सारखेच माध्यम, पण तीन फ्लास्कमध्ये तीन वेगळे आकडे: असे असेल तर जनुकशास्त्र बाजूला ठेवून फ्लास्ककडे नुसते बघा. नायजर वाढत्या तंतूंच्या टोकांतून ग्लुकोअमायलेज बाहेर सोडते. कवकजाल मोठमोठ्या घट्ट गोळ्यांत गुंडाळले गेले की ऑक्सिजन पृष्ठभागापासून काही शे मायक्रोमीटरपर्यंतच पोचतो. आतला भाग उपाशी राहतो, फुटतो आणि प्रोटिएझ सांडतो. बीजाणू मोजूनच पेरा, मिलिलिटरला दहा लाखांपासून सुरुवात करून वर-खाली पाहा. बीजाणू ट्वीन या साबणासारख्या रसायनाच्या पातळ द्रावणात काढून गठ्ठे फोडा. टाल्कची काही मायक्रोमीटरची बारीक पूड आधीच माध्यमात निर्जंतुक केली तर गोळे लहान होतात किंवा कवकजाल सुटे वाढते, आणि नायजरमध्ये याने विकरांचे उत्पादन वाढल्याचे अनेकदा दिसले आहे. अगदी सुटे कवकजालही त्रासाचे असते, कारण द्रव लापशीसारखा घट्ट होऊन हवा मिसळत नाही. कुठला मध्य बरा, हे प्रत्येक वाणाला वेगळे असते.

आधी मिळत होते, आता मिळत नाही

ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे कारण बहुधा प्लेटवरून प्लेटवर नेण्याच्या सवयीत असते. शेजारीशेजारी बसलेल्या अनेक प्रती पुनर्संयोजनाने गळून पडतात. जी केंद्रके ओझे टाकतात ती जोमाने वाढतात आणि काही पिढ्यांत तीच उरतात. प्लेटवर वेगळ्या रंगाचा किंवा कमी बीजाणूंचा पट्टा दिसू लागला की समजावे. न्यूरोस्पोरा ही बुरशी वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: तिथे लैंगिक संकरात दुहेरी प्रतींवर उत्परिवर्तनांचा मारा होतो आणि जनुक कायमचे निकामी होते, त्यामुळे अनेक प्रतींचा ट्रान्सफॉर्मंट संकराला वापरू नये.

शुद्ध केलेल्या पहिल्या वसाहतीचे बीजाणू ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांना, छोट्या-छोट्या भरपूर नळ्यांत ठेवा. प्रत्येक प्रयोग नव्या नळीपासून सुरू करा आणि उरलेली नळी पुन्हा गोठवू नका. उत्पादन घटले असे वाटले तर सर्वांत जुनी नळी आणि आत्ताची प्लेट एकाच दिवशी, एकाच माध्यमात शेजारीशेजारी लावा, दोघांच्या प्रतींची संख्या क्यूपीसीआरने (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने) मोजा. जुनी नळी चांगले देत असेल तर दोष वाणात आहे. तीही देत नसेल तर माध्यम, पाणी किंवा पेप्टोनचा नवा लॉट तपासायला घ्या.